मधातले साहेब

आमचे शेजारी नत्थूजी एका फोनवर दोघांना नमस्कार करतात. पहिला पलीकडच्या माणसाला आणि दुसरा मधातल्या साहेबांना. "हॅलो, नमस्कार. अन् मधात बसलेल्या साहेबाले बी नमस्कार." मगच पुढचं बोलणं सुरू होतं.

हे साहेब म्हणजे आपलं बोलणं ऐकायला सरकारने बसवलेला माणूस. प्रत्येकाच्या फोनवर असा एक साहेब असतो, हे नत्थूजींच्या लेखी पक्कं आहे. दिवाळीला ते साहेबांना शुभेच्छा देतात, उन्हाळ्यात "पाणी पीत जा साहेब" असं बजावतात. कर्ज हवं का विचारणाऱ्या एका मुलीला त्यांनी सांगितलं होतं, "हळू बोल पोरी, मधात साहेब हायत. तुही नोकरी जाईन."

मला हे सगळं पाठ आहे, कारण त्यांच्या घरात रेंज नाही आणि माझ्या व्हरांड्यात आहे. शहापुरात आमच्या भिंतीला त्यांची भिंत लागून आहे. शाळेतून येऊन, ऑनलाइन माहिती भरून भरून डोळे शिणलेले असताना मी जरा टेकावं, तर खुर्चीत नत्थूजी आधीच बसलेले. फोन कायम स्पीकरवर. कानाला लावला की साहेबांना संशय येतो म्हणे. मी कंटाळून गेलो होतो, पण सांगणार कोणाला?

त्यांची उभी नोकरी जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात गेली. गेटवर खिसे तपासून आत, खिसे तपासून बाहेर. आत काय काम करतात ते त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. काकू विचारायच्या, "आज काय केलं जी?" उत्तर ठरलेलं, "काम." रिटायर होऊन घर बांधलं, तरी ते गेट काही त्यांच्या तोंडावरून हटलं नाही.

फोनवर ते कशाचंही नाव घेत नाहीत. एकदा घरचा तांदूळ विकायचा होता, तर गिऱ्हाइकाला म्हणाले, "पांढरा माल तयार हाय. उजेडी या, अन् एकटेच या." ते गिऱ्हाईक आलं तर नाहीच, पुन्हा त्याने फोनही उचलला नाही.

"काकाजी, असा कोणी साहेब नसतो," मी एकदा वैतागून म्हणालो. "तुमच्या नळाच्या गोष्टी ऐकायला रिकामा बसलाय का कोणी?"

"नसतो? मंग नेट कोन बंद करते, गुरुजी?"

कुठेतरी कोणीतरी काहीतरी पोस्ट टाकतं, ते कोणाला तरी लागतं आणि जिल्हाभराचं नेट जातं. आता तर लोक कारणही विचारत नाहीत. लाइट गेल्यासारखं 'कधी येते' एवढंच विचारतात. नत्थूजी मात्र अशा दिवशी खूश असतात. म्हणतात, "साहेबाईलेबी सुट्टी पायजे ना."

दिवाळीनंतर काकू पुण्याला मुलीकडे गेल्या, तिचं बाळ सांभाळायला. तेव्हापासून नत्थूजी रोज सकाळी त्यांना गुलाबाचा फोटो पाठवायचे, वर 'शुभ सकाळ'. फोटोतलं साहेबांना समजत नाही, अशी त्यांची समजूत. संध्याकाळी फोन व्हायचा. "जेवलो. नळ आला. गाय बरी हाय. ठेवतो."

मग फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी काकूंनी त्यांना फोन ठेवू दिला नाही. स्पीकरवर होता, त्यामुळे मीही ऐकलं. "अजी, वंदना म्हणते, आई, आता कायमची इथंच राय. मी येऊ का नको, एकदा तोंडानं सांगा."

नत्थूजी म्हणाले, "फोटो पाठवतो."

"मले फुलं नका पाठवू. इथं चौदा तारखेले समदे नवरे केक आणतेत, फुगे बांधतेत. मले केक नोको अन् फुगे नोको. त्या दिवशी एक डाव सांगा. नाई सांगतलं तं मी समजून जाईन अन् राहून जाईन."

नत्थूजींची झोप उडाली. अंगणात झाडू पडला नाही, खानावळीचा डबा तसाच परत जाऊ लागला. तरी त्यांनी मार्ग काढला तो फोटोचाच. माझ्याच मोबाइलवर शोधून शोधून एक लालभडक बदाम निवडला. त्यात दोन राघू, चोचीला चोच लावलेले, आणि भोवती लुकलुकणारे दिवे. "यात सगळं येते ना, गुरुजी?" मी म्हटलं, येतं. मला सुटका हवी होती.

तेराच्या संध्याकाळी नेट बंद झालं.

चौदाला सकाळी फाट्यावर गुलाबांच्या बादल्या भरलेल्या, फुगे टांगलेले. पोरं रांगेत उभी आणि फुलवाल्याचा स्कॅनर चालेना. रोख कोणाच्याच खिशात नाही. फुलवाला प्रत्येकाला तेच सांगून दमला होता, पोरं तेच ऐकून दमली होती. माझी ऑनलाइन माहिती टळली म्हणून मी शाळेतून तेवढा सुखात घरी आलो. व्हरांड्यात नत्थूजी मोबाइल दोन्ही हातांत धरून बसले होते.

"सकाळपासून नुसतं गोल फिरून राहिलं, गुरुजी. राघू जात नाही."

"साधा फोन चालू आहे, काकाजी. तोंडानं सांगा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाईट वाटलं. मग नंबर लावला.

"बोला जी," काकूंचा आवाज आला. मागे बाळ कुरकुरत होतं. "चौदा तारीख हाय."

"नमस्कार," नत्थूजींनी घसा खाकरला. "अन् साहेब, तुमालेबी नमस्कार. साहेब, एक विनंती हाय. आजवर तुमच्यापासून काही लपवलं नाही. आज जरासे उठून बाहेर जा. घरच्या माणसासंग बोलाचं हाय."

आणि ते थांबले. साहेबांना खुर्ची सरकवून उठायला, चपला शोधायला लागेल तेवढा वेळ थांबले. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला.

त्यांचं बोलणं रोज ऐकत बसणारा माणूस खरोखर एक होता, आणि तो मी होतो. हे मला तेव्हा कुठे सुचलं. मी उठलो, घरात गेलो, दार ओढून घेतलं. ओढता ओढता एवढं कानावर आलंच, "ये वो आता. तुह्यावाचून मन लागत नाई घरात." पुढचं ऐकू येऊ नये म्हणून मी नळ सोडला आणि कोणी न सांगता भांडी घासायला घेतली.

भांडी संपली, तरी मी नळ चालूच ठेवला. शेवटी बाहेरून हाक आली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढी मोठी.

"झालं, साहेब! या आता. येऊन राहिली घरची."

मी हात पुसत बाहेर गेलो.