भिंतीआड बघणारा पाटणकर

आमचा शेजारी पाटणकर कुठल्याही खोलीत शिरला की आधी छताकडे बघतो. माणसं नंतर. बारसं असो, साठी असो, डॉक्टरची वेटिंग रूम असो, याची मान वर. गेल्या ऑक्टोबरात माझी बायको गेली. क्रेमेटोरियममध्ये सगळे माना खाली घालून बसले होते आणि हा एकटा वर बघत होता. बाहेर आल्यावर माझा हात धरून म्हणाला, "काका, फार वाईट झालं." मग जरा थांबून, "पण इथलं व्हेंटिलेशन फार मनापासून केलंय हो कुणीतरी."

दुसरा कुणी असता तर तिथंच कानाखाली काढली असती. पाटणकरला काय मारायचं? ही असती तर तोंडाला पदर लावून हसली असती. तिनंच त्याचं नाव पायपोबा ठेवलं होतं.

मी चौथीपर्यंत शिकलेला. लंडनमधल्या हॅरोला आलो आणि ब्रेडच्या कारखान्यात जन्म काढला. त्यामुळं हा पुण्याचा इंजिनियर नक्की करतो काय, ते मला लवकर कळलंच नाही. इमारतीच्या पोटात जे जे असतं, पाणी, हवा, हीटिंग, ते सगळं इमारत उभी राहण्याआधी कॉम्प्युटरवर काढायचं, हे त्याचं काम. "म्हणजे प्लंबर का रे?" असं मी एकदा विचारलं, तर आठवडाभर कुंपणापाशी आला नाही.

मग एका रविवारी लॅपटॉप घेऊन आमच्या किचनमध्ये बसला. "काका, हा पाइप बघा. हा पार्ट. जाडी किती, तांब्याचा की प्लास्टिकचा, हे ह्याचं स्वतःचं. पण आतलं पाणी गरम की गार, स्क्रीनवर रंग लाल की निळा, हे ह्याच्या हातात नाही. ते सिस्टिमचं. सिस्टिममध्ये एकदा बदललं, की तिच्यातले सगळे पाइप बदलले."

"सुनेसारखं," ही पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "नाकडोळे स्वतःचे, आडनाव घराचं."

"काकू!" पाटणकर खुर्चीवरून उठलाच. "हे मी ऑफिसात सांगू का?"

"सांग, पण पोळी खाऊन जा. गार होतेय."

त्या दिवसापासून त्याला चेवच चढला. ट्रेन रद्द झाली, "ड्रायव्हर बिचारा पार्ट आहे, दोष सिस्टिमचा." कौन्सिलनं कचऱ्याची बिन उचलली नाही, तेच. हिची भाजी एकदा खारट झाली तर म्हणे, "वांग्याची काही चूक नाही, काकू." लाटणं दाखवलं तेव्हा गप्प बसला.

एकदा मात्र स्वतःच फसला. कुठल्याशा शाळेच्या ड्रॉइंगमध्ये एका नळाला गरम पाणी द्यायचं होतं. यानं तो नळ गरम पाण्याच्या सिस्टिमला जोडायच्या ऐवजी गार पाण्याची सिस्टिमच बदलून ठेवली. सगळ्या शाळेचं गार पाणी गरम झालं, संडासाच्या टाक्यांसकट. तसंच नेऊन मीटिंगमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवलं. गोरा साहेब शांतपणे म्हणाला, "निदान मुलांना थंडी वाजणार नाही, मुकुंद." हे सांगताना पाटणकर रडकुंडीला आला होता आणि आम्ही दोघं नवराबायको पोट धरून हसत होतो. खिचडी वाढली, तेव्हा तोही हसला.

पण त्याच्या लॅपटॉपात एक गंमत होती, ती मला अजून डोळे मिटले की दिसते. त्यानं आमचं घर काढलं होतं, बसल्या बसल्या, हौस म्हणून. एक बटण दाबलं की भिंती विरत जायच्या. धुक्यात विरावं तशा. मग जमीन जायची, जिना जायचा, आणि नुसते लाल-निळे पाइप हवेत तरंगत राहायचे. पाण्यात उभी असलेली वेल असावी, तसे. ही लाटणं खाली ठेवून कितीतरी वेळ बघत राहिली. म्हणाली, "आपलं घर आतून असं आहे होय!" मग संध्याकाळी टेकडीवर फिरायला गेलो की पाटणकर खालच्या दिव्यांकडे बघत पुटपुटायचा, "काकू, आता सगळ्या भिंती काढून बघा." ही खरंच डोळे बारीक करून बघायची. मला काही दिसायचं नाही. त्या दोघांना दिसायचं.

त्याच्या स्वतःच्या घरात कुणी नाही. बायकोशी पटलं नाही, ती पुण्याला परत गेली. तो त्यावर बोलत नाही, आपणही विचारू नये.

ही गेल्यावर मी हीटिंग बंद केलं. मुलगा रीडिंग गावाहून फोनवर ओरडायचा, "बाबा, गारठून मराल! असंच चाललं तर घर विकून इकडे आणीन तुम्हाला." मी सांगायचो, दोन स्वेटर घातलेत. हे घर मला सोडायचं नव्हतं, आणि बॉयलरही लावायचा नव्हता. का, ते कुणाला सांगितलं नव्हतं.

बॉयलरची वेळ हिनं लावलेली. पहाटे पाच, तिची उठायची वेळ. पाचला बॉयलर घुमतो, पाइप तापतात, टक् टक् वाजायला लागतात. झोपेत मला वाटायचं, ही उठली. मी हाक मारायचो. मग पूर्ण जाग यायची. रोज सकाळी ती नव्यानं जायची.

जानेवारीत पाटणकर आला. छताकडे बघितलं नाही. सरळ रेडिएटरवर हात ठेवला.

"काका, आपल्या दोन घरांमधली भिंत गार पडलीय."

"मग पडू दे."

"आजारी पडाल. मग दादा घेऊन जाईल तुम्हाला."

तो हलेना. शेवटी मी सांगून टाकलं.

"एवढंच ना? मी वेळ सातची करून देतो."

"हात लावून बघ! तिनं लावलीय ती."

"बरं, मग तुमच्या खोलीतला रेडिएटर तेवढा बंद करू. तो पार्ट आहे, बाकीचं..."

"आवाज सगळ्या घरातून येतो रे. आणि वेळ कुणाची असते? पार्टची?"

"नाही. सिस्टिमची."

"मग तीच गेली, पाटणकर. रेडिएटर कसला पिळत बसतोस?"

चष्मा काढून शर्टाला पुसत बसला. निघताना म्हणाला, "वेळ आहे तीच राहू दे. फक्त आज चालू ठेवा. माझ्यासाठी."

ठेवलं. पहाटे बॉयलर घुमला. टक् टक्. हाक ओठांवर आली, आणि तेवढ्यात भिंतीपलीकडेही टक् टक् सुरू झालं. मग नळ सुटला. खोकला. खलबत्त्यात आलं ठेचल्याचा आवाज. आणि हा पाटणकर आठच्या आत कधी उठायचा नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. शेवटी मी कुंपणापाशी धरला त्याला. "माझ्यासाठी कशाला झोपमोड करतोस रे?"

"तुमच्यासाठी नाही, काका." तो गवताकडे बघत होता. "काकू उठायच्या ना, तो आवाज पलीकडे मला यायचा. मी परत झोपायचो. पण कुणीतरी उठलंय, घर जागं आहे, असं वाटायचं. ऑक्टोबरपासून झोपच लागेना."

मला असलं बोलता येत नाही. आता रोज पाचला उठतो, आणि चहाचं भांडं शेगडीवर जरा जोरात आपटतो.