वेलिनसांच्या घरी झाकण न पडल्याची कैफियत

श्री. चुलीपाशील गृहदेवतांस नमन, ज्यांच्या वाट्यास धूर पुष्कळ आणि नैवेद्य थोडा. रोमपुरी वसल्यास चारशे एकोणसाठावे वर्ष, पहाटेचा समय, वेलिनसांच्या घरी चिडीचूप शांतता, आणि मुदपाकखान्यात टोपाचे झाकण खणकन पडले. मग अनर्थच जाहला. कारण ऐसे जे, हे घराणे रयतेपैकी, पाच पिढ्या थोरामोठ्यांचे झगे मुतात तुडवून पांढरे धुण्याचा धोबीधंदा, आणि त्यात पुब्लियस वेलिनस यांस बाजारपेठेचा अधिकार मिळाला, ऐसा मान कुळात पूर्वी कोणास नव्हता. परंतु रिवाज असा की, अधिकार घेण्याचे पहाटे मौन राखून देवाचा कौल घ्यावा, उंदीर चीं करील तरी कौल बाद आणि अधिकारही बाद. जवळ एक साक्षी बसवावा, त्यास पुसावे, ‘शांतता आहे?’ त्याने ‘आहे’ म्हटले की जाहली शांतता.

म्हणून पुब्लियसाच्या मातोश्री नेवियाबाई यांनी आदले दिवशी मसलत करून बिजागऱ्यांस तेल घातले आणि हंसांच्या चोची बांधिल्या आणि साक्षीस गल्लीतील ठार बहिरे मानियस आजोबा आणविले. सून ओप्पिया म्हणाली, “सासूबाई, पण ह्यांना प्रश्न तरी ऐकू जाईल का?” त्या म्हणाल्या, “ओठ हलले की ‘आहे’ म्हणायचं, एवढं शिकवलंय. कानाचा माणूस आणून घात करून घेऊ का गं?” आणि तैसेच घडले. चार वर्षांची कन्या वेलिना देवाचे मधाचे वडे चाचपीत होती, तिचे हातून झाकण गेले, पुब्लियस धुतल्या झग्याहून पांढरे पडले, ओठ कसेबसे हलविले, आणि आजोबा गर्जले, “आहे!”

मग भिंतीपलीकडील उमराव शेजाऱ्याने चुगली केली आणि दोन प्रहरी पुरोहित दारी येऊन म्हणाले, “धोब्यांच्या घरात शांतता? झाकण कोणी पाडलं?” नेवियाबाई म्हणाल्या, “कसलं झाकण? आमच्या टोपाला झाकणच नाही!” आणि तेसमयी त्या झाकणावरच बसल्या होत्या. पुरोहित ओप्पियेस म्हणाले, “पोरीच्या डोक्यावर हात ठेव आणि बोल.” तेव्हा ओप्पियेने लेकीस पोटाशी धरिले, क्षणभर तिच्या जावळाचा वास घेतला, आणि हात उचलून नेमका सासूबाईंच्या मस्तकी ठेविला आणि म्हणाली, “आवाज झाला असेल तर ह्यांचं बरंवाईट होवो.” सासूबाईंनी डोळे वटारिले, परंतु ब्र काढिला नाही. त्या दिवशी घरात खरी शांतता जाहली ती एवढीच.

तात्पर्य, पुरोहित माघारी गेले, कौल शुद्ध ठरला, पुब्लियस अधिकारी जाहले आणि धुणाऱ्यांचे कुळ नावारूपास आले. सायंकाळी ओप्पिया लेकीचे केस विंचरीत होती, तो लेक मान वळवून पुसती जाहली, “आई, देवालासुद्धा ऐकू नाही आलं?”