हळू बोला, पिल्लं आहेत

जानरावांनी पडवीत पाऊल टाकून "काय बे पोट्टेहो, भूक लागली काय?" एवढंच विचारलं, तर जाळीमागची कोंबडीची सगळी पिल्लं जिवाच्या आकांतानं कोपऱ्याकडे धावली. एक दुसऱ्याच्या अंगावर, दुसरं तिसऱ्याच्या डोक्यावर. बघता बघता ढीग झाला. जानराव घाबरून ओरडले, "अबे, मागं सरका! मागं सरका!" ढीग आणखी उंच झाला. हातांनी तो उपसला, तेव्हा तळाशी एक पिल्लू मान टाकून पडलेलं दिसलं.

जानरावांनी ते तळहातावर उचललं, पण ते गेलं होतं. नोकरीचा सारा जन्म एसटीत कंडक्टर म्हणून गेलेला. गच्च भरलेल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा आवाज त्यांनी घरी आणला होता, आणि निवृत्तीनंतरही तो निवृत्त झाला नव्हता. ही पिल्लं त्यांच्या बायकोची, बनाबाईंची. लेकीच्या, मंजुश्रीच्या बाळंतपणासाठी खामगावला जाताना त्यांनी दारातून बजावलं होतं, "मी आल्यावर त्याहीच्या डोळ्यात औषधाचे थेंब टाका लागतीन. मानूस पाहूनच पळाले, तं पकडता पकडता चेंगरून मरतीन. रोज जवळ बसा, हातावर कणी ठेवा, हळू बोला. मानसाची सवय लावा त्याहीले."

आता हळू बोलायचं म्हणजे कसं, हे जानरावांना ठाऊक नव्हतं. पण आणखी एक पिल्लू गेलं तर बनाबाईंना तोंड दाखवायची सोय नव्हती. पडवीत तेवढं हळू आणि बाहेर मोठ्यानं, असं करून पाहिलं. पण सवयीचा आवाज मधेच निसटायचा आणि ढीग व्हायचा. शेवटी त्यांनी ठरवलं, बायको येईस्तोवर दिवसभर कुजबुजायचंच.

मग ते पोतं अंथरून जाळीत बसू लागले. वरून हात नेला की पिल्लांना घार वाटते, हे ध्यानात आल्यावर तळहात जमिनीला टेकवू लागले. त्यावर मूठभर कणी. पायाला मुंग्या यायच्या, नाकावर माशी बसायची, पण हलायची सोय नव्हती. तोंडानं पुटपुटणं चालूच. "भिऊ नोका रे. आता थोडेच दिवस राह्यले माह्यासंगं. मंग तुमची माय येते, थेच पाहीन तुमचं."

एका सकाळी एक तपकिरी पिल्लू तिरक्या मानेनं जवळ आलं, तळहातावर चढलं आणि कणी टिपू लागलं. जानरावांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

नेमकं तेच पाणी शेजारच्या विमलबाईंनी कुडाच्या फटीतून पाहिलं. 'थोडेच दिवस राह्यले' हे त्यांनी आदल्या दिवशीच ऐकलं होतं. त्या पदर तोंडाला लावून घरात गेल्या आणि नवऱ्याला, उकंडरावांना म्हणाल्या, "आवो, जानरावभाऊचं काही खरं नाई. एकटेच रडून राह्यले. आवाज तं पार बसला."

उकंडराव तडक आले आणि अंगणातूनच गरजले, "जय भीम, भाऊ! कसं काय?"

जाळीत खळबळ उडाली. जानरावांनी एक हात छातीशी धरला, कारण तपकिरी पिल्लू त्या हातात होतं; दुसरा हात हवेत हलवला आणि जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, "हळू... हळू..."

उकंडरावांना दिसला तो फक्त छातीवरचा हात. "छातीत दुखते काय?"

"पिल्लं..." जानराव कळवळून म्हणाले, "माह्ये पिल्लं..."

"लेकरं आठवून राह्यले त्याले!" उकंडराव मागे वळून ओरडले. "विमल, मंजूच्या मायले फोन लाव!"

बनाबाईंना फोनवर फार सांगावं लागलंच नाही. नवरा रोज फोनवर कुजबुजत होता आणि विचारलं की नेटवर्कवर ढकलत होता, म्हणून त्यांच्या मनात आधीच पाल चुकचुकली होती. मिळाली त्या गाडीनं त्या निघाल्या.

इकडे वरवट बकाल गावातल्या त्या गल्लीत बातमी फिरली. कोणी हळदीचं दूध आणलं, कोणी काढा. प्रत्येक जण पडवीत डोकावून मोठ्यानं धीर देत होता आणि प्रत्येक धीरागणिक पिल्लं कोपऱ्याकडे पळत होती. जानराव गुडघ्यांवर रांगत ढीग मोकळा करत, घामाघूम होऊन ओठांवर बोट ठेवत होते.

"घाम पाहा कसा फुटला!" विमलबाई म्हणाल्या.

"बोलताच येत नाई व बिचाऱ्याले," आणखी कोणी म्हणालं.

उकंडरावांनी जीप आणली. चौघांनी जानरावांना उचलून बाजेवर घातलं. जानरावांची विचित्र कोंडी झाली. ओरडावं तर इकडे ढीग, न ओरडावं तर तिकडे दवाखाना. त्यांनी जाळीकडे पाहिलं. पिल्लं नुकतीच पांगून शांत झाली होती. त्यांनी डोळे मिटून घेतले. ते पाहून विमलबाईंनी हंबरडाच फोडला.

जीप गावाबाहेर पडली. कपाशीच्या शेतांमधून बरंच अंतर गेल्यावर जानरावांनी मान वळवून मागे पाहिलं, छाती भरून श्वास घेतला आणि साठवलेला सगळा आवाज एकदम सोडला, "गाडी थांबव बे!"

ड्रायव्हरनं असा ब्रेक मारला की उकंडरावांची टोपी पुढच्या काचेवर जाऊन आदळली.

"भाऊ, तुमचा आवाज!"

"आवाजाले काय धाड भरली? पिल्लाहीले सवय लावून राह्यलो होतो!"

"कायची सवय?"

"मानसाची!"

उकंडरावांनी टोपी उचलून झटकली. "मंग आमाले सांगाले काय झालं होतं?"

"सांगूनच राह्यलो होतो ना! ऐकतं कोन? फिरव गाडी. त्या बायाहीनं रडून रडून मारले असतीन माह्ये पिल्लं."

जीप जानरावांनी गल्लीच्या तोंडाशीच थांबवायला लावली आणि अनवाणी धावत पडवी गाठली. भीती होती तेच झालं होतं. रडणाऱ्या बायकांना घाबरून पिल्लं कोपऱ्यात चढाओढ करत होती. जानराव जाळीत शिरले, गुडघ्यांवर बसले आणि तळहात टेकवून पुटपुटले, "आलो रे. इथंच हाये मी."

ढीग हलला. तपकिरी पिल्लू आधी आलं, मग दोन, मग सगळीच. कुणी मांडीवर चढलं, कुणी सदऱ्याच्या बाहीत शिरलं. एकही दगावलं नव्हतं. बायकांचं रडणं जागच्या जागी थांबलं. विमलबाईंनी काढ्याचा तांब्या गुपचूप पदराआड घेतला आणि एकेक जण पाय न वाजवता घरी गेला.

तेवढ्यात बनाबाई हातात पिशवी घेऊन अंगणात आल्या. नवरा धडधाकट बसलेला पाहताच त्यांचा बांध फुटला. "आवो, जीव गेला ना माह्या रस्त्यानं! असं करते काय कोनी?"

पिल्लं फुर्रकन जानरावांच्या पाठीमागे लपली.

"हळू," जानराव पुटपुटले. "तुले वळखत नाईत थे आता."

बनाबाई थबकल्या. आपल्याच पिल्लांना आपण परक्या झालो, हे त्यांना फार लागलं. त्यांनी पिशवी ठेवली, नवऱ्याला कोपरानं बाजूला सारून त्या पोत्यावर बसल्या आणि कणीची मूठ तळहातावर पसरली. किती तरी वेळ काहीच घडलं नाही. मग तपकिरी पिल्लानं एक पाय त्यांच्या बोटावर ठेवला.

अन् फोन वाजला. बनाबाईंनी तो घाईनं डाव्या हातानं कानाला लावला. खामगावहून मंजुश्री होती.

"आई, बाबा कसे हायेत व?"

बनाबाईंनी पिल्लावरची नजर न हलवता, ओठही न हलवता उत्तर दिलं, "बरे... हायेत..."

पलीकडून मंजुश्रीचा रडवेला आवाज पडवीभर ऐकू आला, "आवं आई, तू अशी काऊन बोलून राह्यली? तुले काय झालं?"