आदर्श ग्राहक चाचणीराव

पाणीपुरवठा खात्याची तक्रारी नोंदवून घेणारी संगणक-सेवा एका सोमवारी बंद पडली आणि गुरुवारी दुपारी चालू झाली. मधल्या काळात खात्याकडे एकही तक्रार आली नाही, म्हणून खात्याचा वरून गौरव झाला. विभागप्रमुख मॅडमना पुष्पगुच्छ मिळाला. मग कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं की तक्रारी आल्या नाहीत, कारण त्या येण्याची वाटच बंद होती. मॅडमनी इंजिनिअरला बोलावून घेतलं. गौरव परत करण्याची पद्धत खात्यात नव्हती, त्यामुळे सेवा सुधारण्यावाचून इलाज उरला नाही.

इंजिनिअर म्हणजे खात्यातला संगणकाचा एकुलता एक माणूस. खाली मान घालून काम करणारा, आणि आपल्या हातून झालेलं काम चोख असतं यावर भाबडा विश्वास असलेला. त्याने एका सर्व्हरच्या जागी तीन उभे केले आणि त्यांना थोरला, मधला, धाकटा अशी नावं दिली. थोरला आडवा झाला तर मधल्याने कारभार हाती घ्यायचा, मधलाही गेला तर धाकट्याने. कोण शुद्धीवर आहे हे कळावं म्हणून तिघांनी दर काही सेकंदांनी एकमेकांना "आहेस ना?" असं विचारायचं आणि "आहे" असं उत्तर द्यायचं. सख्ख्या भावांत तरी इतकी विचारपूस कुठे असते, असं म्हणून कारकुनांनी कौतुक केलं. मॅडमच्या केबिनमध्ये भिंतीवर एक दिवा बसवण्यात आला. सगळं ठीक असेल तर हिरवा, नसेल तर लाल.

पण इंजिनिअर पडला प्रामाणिक. त्याने मॅडमना समजावलं की सर्व्हर चालू असणं वेगळं आणि तक्रार आत जाऊन निकाली निघणं वेगळं. माणूस खुर्चीवर बसलाय म्हणजे काम करतोय असं थोडंच असतं? हे उदाहरण त्याने द्यायला नको होतं, कारण केबिनमध्ये त्या वेळी बरीच माणसं खुर्च्यांवर बसलेली होती. तरीही योजना मंजूर झाली. एक खोटा ग्राहक तयार करायचा. त्याने दर दहा मिनिटांनी 'नळाला पाणी येत नाही' अशी तक्रार करायची, ती निकाली निघाली की 'समाधानी' असं कळवायचं, आणि निकालाला उशीर झाला तर दिवा लाल करायचा. कागदोपत्री या ग्राहकाचं नाव 'चाचणी' होतं. कारकुनांनी आदराने त्याचा चाचणीराव केला.

चाचणीरावांसारखा ग्राहक खात्याने आजवर पाहिला नव्हता. आवाज चढवणं नाही, वरच्यांची ओळख सांगणं नाही, 'आम्ही कर भरतो' हे पालुपद नाही. त्यांच्याकडे कुणाला पाठवावंही लागत नसे, कारण त्यांना घरच नव्हतं. कारकुनाने तक्रार उघडायची, 'पाणी सुरळीत' असा शेरा मारायचा, की पलीकडून लगेच 'समाधानी'. थोड्याच दिवसांत मॅडमच्या लक्षात आलं की दिवा लाल होतो तो फक्त चाचणीरावांमुळे. बाकी शहर कोरडं पडलं तरी त्याचा रंग बदलत नाही. तेव्हा चाचणीरावांसाठी स्वतंत्र टेबल मांडलं गेलं. मग त्या टेबलावर दोन कारकून बसले, एक जेवायला उठला तर दुसरा हजर असावा म्हणून. खात्याची कार्यक्षमता वाढली, आणि वाढलेली ती भिंतीवर दिसतही होती.

इंजिनिअर आईबरोबर एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असे. त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ बरेच दिवस नुसता खाकरत होता. पाणी खालच्या अंगणातल्या नळाला येई. सकाळ-संध्याकाळ इंजिनिअर बादल्या वर आणायचा, पण आईला मधे कधी तरी लागायचंच, आणि ती काही लेकाची वाट बघत बसणारी नव्हती. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. कठड्याला धरून, पायरी-पायरीवर बादली टेकवत ती वर यायची. एक दिवस ती जिन्यावरून पडणार, अशी इंजिनिअरला धास्ती होती.

"तू त्याच खात्यात आहेस ना रे?" आईने एकदा विचारलं. "का मी लोकांना उगीच सांगत असते?"

ते त्याला लागलं. वशिला लावणं त्याच्या स्वभावात नव्हतं, आणि आपणच उभारलेल्या यंत्रणेवर त्याचा भरवसा होता. त्याने आईच्या नावाने रीतसर तक्रार नोंदवली. तक्रार जी 'प्रतीक्षेत' गेली ती तिथेच मुक्कामाला राहिली. शेवटी तो चाचणीरावांच्या टेबलाशी गेला.

"मातोश्रींची तक्रार बघितली मी, साहेब," कारकून म्हणाला. "पण ती सोडवायची म्हणजे माणूस पाठवा, पाइप उघडा, काय अडकलंय ते बघा. तेवढ्यात चाचणीरावांच्या किती तक्रारी येऊन पडतील. दिवा लाल झाला तर मॅडमना तुम्ही सांगणार का?"

"अहो, पण चाचणीराव नाहीच आहे."

"तो नाही, पण त्याचा दिवा आहे. तुमच्या आईंचा दिवा कुठाय?"

इंजिनिअर तडक मॅडमकडे गेला आणि म्हणाला की आपण सर्व्हरवर लक्ष ठेवतो, खोट्या ग्राहकावर ठेवतो, खऱ्यांकडे मात्र कुणीच बघत नाही. मॅडमना हे एकदम पटलं. सर्व्हरांना जी शिस्त आहे ती ग्राहकांना का नसावी? त्यांनी हुकूम काढला की यापुढे प्रत्येक तक्रारदाराला संगणकाने फोन करून "आपण आहात ना?" असं विचारावं. चार-पाच घंट्यांत ज्याने उचलला नाही तो ग्राहक बंद समजावा, आणि बंद ग्राहकाची तक्रार उघडी ठेवण्याचं कारण नाही. इंजिनिअरला बोलायचं होतं एक आणि झालं भलतंच. नवा प्रोग्रॅम लिहायला सवड नव्हती, म्हणून त्याने सर्व्हरांवर पहारा देणाराच प्रोग्रॅम ग्राहकांना लावून दिला. महिना सरायच्या आत प्रलंबित तक्रारी निम्म्यावर आल्या आणि मॅडमना दुसरा पुष्पगुच्छ मिळाला.

मग इंजिनिअरने आयुष्यातला पहिला गैरव्यवहार केला. त्याने चाचणीरावांना घर दिलं, आणि पत्ता घातला स्वतःचा. दिवसभर इतक्या वेळा एकच पत्ता डोळ्यांपुढून गेला की कधी तरी कुणाला वाटेल, जाऊन बघावं. वाटलं कुणालाच नाही. दर दहा मिनिटांनी त्या पत्त्यावर 'पाणी सुरळीत' असा शेरा पडत गेला, आणि नोंदींप्रमाणे शहरातला सर्वांत खळखळून वाहणारा नळ इंजिनिअरच्या स्वयंपाकघरात असल्याचं सिद्ध झालं.

दखल घेतली ती त्या पहारा देणाऱ्या प्रोग्रॅमने. एकाच पत्त्यावर दोन ग्राहक आहेत, एक म्हणतो पाणी आहे, दुसरी म्हणते नाही, हे त्याला खटकलं. सर्व्हरांच्या बाबतीत अशा प्रसंगासाठी कडक नियम असतो. दोघेही 'मीच थोरला' म्हणू लागले तर सगळ्या नोंदींचा विचका होतो. म्हणून ज्याचं उत्तर उशिरा येईल त्याचा पुरवठा, म्हणजे सर्व्हरची वीज, तात्काळ तोडायचा, चौकशी करत बसायचं नाही. हा नियम इंजिनिअरने स्वतः लिहिला होता आणि फार चोख लिहिला होता. प्रोग्रॅमने दोघांनाही "आहात ना?" असं विचारलं. चाचणीरावांनी पहिली घंटा संपायच्या आत उत्तर दिलं. आई तेव्हा बादली घेऊन जिन्यात होती.

त्याच दुपारी खात्याचा प्लंबर आला. त्या इमारतीचा जिना खात्याच्या माणसाने कामासाठी चढण्याची ही पहिलीच वेळ. तो सभ्य होता. इथे चाचणीराव राहतात असं लिहिलंय, आपण त्यांच्याकडे आलात का राहायला, असं त्याने आईला विचारलं. आईने त्याला बादलीतलं पाणी प्यायला दिलं. ते पिऊन त्याने नळजोड तोडला, त्यावर सील ठोकलं आणि तो निघून गेला.

इंजिनिअर घरी आला आणि सील बघून त्याने डोक्याला हात लावला. उद्या सगळं कबूल करायचं, नोकरी गेली तर जाऊ दे, असं तो मनाशी ठरवत होता तेवढ्यात फोन वाजला. या वेळी आई फोनशेजारीच बसली होती. यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, "आपल्या पत्त्यावरील काम पूर्ण झाले आहे. समाधानी असाल तर एक दाबा. नसाल तर दोन दाबा, आपली तक्रार पहिल्यापासून नोंदवली जाईल."

"आई, दोन दाब. दोन," म्हणत तो धावला. आईने एक दाबून फोन खाली ठेवलाही होता.

"अगं, नळाला सील ठोकलंय आणि तू समाधानी?"

"अरे, बँकेचा आला तेव्हा एकच दाबला. गॅसवाल्याचा आला, एक. त्या डॉक्टरने माझं धड ऐकूनही घेतलं नाही, तरी त्याच्या दवाखान्याचा आला तेव्हा एकच. दोन दाबलं की परत पहिल्यापासून सगळं. तेवढ्या वेळात माझी एक बादली वर येते."

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरने आधी नोंदी उघडल्या. मॅडमपुढे जायचं तर रिकाम्या हाताने नको. खऱ्या माणसांचे किती हाल चाललेत याचा पुरावा असावा. ज्यांच्या नळाला पाणी नव्हतं अशी घरं त्याने एकेक करून काढली. जवळजवळ सगळ्यांनी एक दाबला होता. चाचणीराव आणि शहर यांत काही फरक सापडतो का, हे तो दुपारपर्यंत शोधत राहिला. पाणी दोघांकडेही नव्हतं, आणि समाधान दोघांनाही होतं.

मॅडमनी ते आकडे बघितले आणि त्या खूश झाल्या. खोटा माणूस ठेवून जे काम करून घेत होतो ते खरी माणसं फुकटात करतायत, मग दोन कारकून कशाला अडकवायचे, असा त्यांचा रास्त सवाल होता. चाचणीरावांना सेवामुक्त करण्यात आलं. इंजिनिअरचं कबूल करायचं राहूनच गेलं, कारण आता कबूल करण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. आई अजूनही बादली वर आणते. लेकाने हटकलं की म्हणते, तू तुझं ऑफिस सांभाळ.

आणि तुम्ही हे वाचून हसताय. परवा तुम्हालाही असाच एक फोन आला होता. काम झालेलं नव्हतं, पण तुम्ही घाईत होतात. काय दाबलंत?