शून्य आवाजाचा संगणक

सोलापुरातील एका सरकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सन्मानाने निवृत्त झालेल्या वेणीमाधवरावांनी शेअर बाजारात उतरण्याचे ठरवले, आणि त्यासाठी सुटे भाग जोडून संगणक तयार करून घेण्याची टिपणी स्वतःच लिहून स्वतःच मंजूर केली. टिपणीत अटी दोनच होत्या. यंत्र भरवशाचे असावे आणि त्याचा आवाज येऊ नये. पंख्याच्या घरघरीने चित्त विचलित होऊन खरेदीऐवजी विक्रीचे बटण दाबले गेल्यास जबाबदारी कोणाची?

नव्या पेठेत संगणकाचे दुकान चालवणाऱ्या शाकीरने पाच पानी मागणीपत्र वाचले.

"काका, बटण दाबायला एवढं कशाला? मोबाईलवर बी होतंय की."

'पुरवठादार निरुत्साही' अशी नोंद घेऊन वेणीमाधवरावांनी सुटे भाग निवडायला घेतले. प्रोसेसर कमी तापणारा, पंखे मोठे पण सावकाश फिरणारे, वीज गेली तर एक बॅटरी आणि ती बॅटरी गेली तर दुसरी. मेमरी स्वतःच्या चुका स्वतः सुधारणारी. चुका सुधारण्याची सोय घरात पत्नी लीलाबाईंच्या रूपाने आधीच होती, पण ती बिनआवाजाची नव्हती.

संगणक आला. चाचणी सकाळी दहाला ठरली, आणि नेमकी त्याच वेळी बाहेरच्या खोलीत लीलाबाईंची पेटीची शिकवणी भरली होती. ती बावीस वर्षे भरत होती. नऊ जणी सूर धरून बसल्या असताना यंत्र गप्प आहे की नाही हे कळणार कसे? यंत्राचा आवाज येत नसल्याचे ऐकू येण्याइतकी शांतता घरात उपलब्ध नाही, असा अहवाल तयार झाला.

उपाययोजना सुरू झाली. भिंतीवरचे घड्याळ बंद. फ्रिज बंद. छताचा पंखाही बंद, म्हणजे एप्रिलमधल्या सोलापुरात. खोली तापली, तसा संगणक तापला आणि त्याचे सावकाश फिरणारे पंखे जीव घेऊन फिरू लागले. कारणमीमांसेत असे निष्पन्न झाले की नऊ विद्यार्थिनींच्या अंगच्या उष्णतेने खोलीचे तापमान वाढते. शिकवणी गच्चीवर गेली. गच्चीवरून पेटी खाली ऐकू येऊ लागली.

"आता आमी कुटं जायाचं, सर?" सगळ्यांत वयस्कर विद्यार्थिनी दाक्षायणीबाईंनी विचारले.

"तो विषय या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही," वेणीमाधवराव म्हणाले.

लीलाबाईंनी पेटीचा भाता मिटला. "बावीस वर्षांत मी तुमच्या कचेरीतल्या गोष्टी रोज ऐकल्या. तुम्हाला माझं एक गाणं ऐकवेना होय?" पण ती वेळ ध्वनिचाचणीची होती, म्हणून वेणीमाधवरावांनी तोंडावर बोट ठेवले. दुसऱ्या दिवशी शिकवणी अक्कलकोट रोडला दाक्षायणीबाईंच्या घरी हलली.

आता अडथळा उरला नाही. शाकीरने पंखेच काढून टाकले आणि त्यांच्या जागी थंडावा देणारा, पोलादाच्या कॅबिनेटएवढा मोठा धातूचा ठोकळा बसवला. मोबाईलवरच्या आवाजमापकाने हात टेकले. या अवधीत बाजार एकदा चढला आणि एकदा पडला. दोन्ही वेळा चाचणी चालू होती.

तिसऱ्या दिवशी वेणीमाधवरावांनी शाकीरला तातडीने बोलावले.

"कुठून तरी धडधड येते आहे. सौदा करायला बसलो की वाढते."

शाकीरने संगणकाला कान लावला. मग टेबलाला. मग जरा संकोचून वेणीमाधवरावांच्या शर्टाला.

"काका, ही तुमची छाती हाय."

"हा भाग बदलून मिळेल?"

"आपल्याकडं न्हाय मिळत. काका, राग नका मानू, पण घर लई गप्प झालंय. मानसांचा थोडा आवाज असू द्या की, मग ही धडधड ऐकूच येणार न्हाय."

हा तांत्रिक सल्ला होता, म्हणून तो मान्य झाला. वेणीमाधवराव रिक्षाने अक्कलकोट रोडला गेले. दाक्षायणीबाईंच्या घराला लागूनच चादरींचा कारखाना होता आणि मागांच्या खडखडाटाने खिडकीचे गज थरथरत होते. आत नऊच्या सतरा झालेल्या बायका त्या खडखडाटाचाच ठेका धरून गात होत्या. मधोमध लीलाबाई घामाने चिंब होऊन हसत होत्या. त्यांना असे हसताना वेणीमाधवरावांनी किती वर्षांत पाहिले नव्हते, याची नोंद कुठल्याच फायलीत नव्हती.

"लीला, घरी चल," ते दारातून म्हणाले. मग जरा मोठ्याने म्हणाले. मग ओरडले.

कुणालाही ऐकू गेले नाही. ते चपलांपाशी बराच वेळ उभे राहिले आणि परत आले. संगणक चालू होता. भरवशाचा होता आणि गप्प होता.

आता तुम्ही ही गोष्ट निवांत वाचलीत. तेवढी शांतता घरात कुणाला गप्प करून मिळाली, ते एकदा उठून बघून या. ती व्यक्ती अजून घरातच असेल, तर नशीबवान आहात.