नवरीला कोणी आणलं

सेल्मर हाउगेनच्या मुलीचं लग्न जानेवारीत ठरलं, कारण आमच्या उत्तर डकोटात शेतकऱ्याला सवड तेव्हाच असते. जावई रॉइस दक्षिणेकडच्या उबदार टेक्ससचा. तो डिझेलची पिकअप घेऊन आला, त्या दिवसापासून सेल्मरने त्याचं डोकं खाल्लं. उन्हाळी डिझेल थंडीत मेणासारखं गोठतं, फिल्टर तुंबतो, इथे पातळ हिवाळी डिझेलच भरायचं, हे त्याने नाश्त्याला सांगितलं, जेवताना सांगितलं आणि पाहुण्यांसमोर पुन्हा सांगितलं. रॉइस बिचारा दर वेळी "हो, सर" म्हणाला.

लग्नाच्या सकाळी पारा शून्याखाली पस्तीसवर होता. बायको आर्डिस म्हणाली, माझ्या पेट्रोलच्या गाडीतून जाऊ. असल्या थंडीत पोरीला खेळण्यात बसवू का, म्हणून सेल्मरने ती गाडी केकबरोबर पुढे पाठवली. आदल्या दिवशी शेतावरच्या टाकीतून त्याने आपली स्वतःची डिझेलची पिकअप भरली होती, रात्रभर विजेची वायर लावून इंजिन गरम ठेवलं होतं. पिकअप पटकन सुरू झाली आणि चौथ्या मैलावर आचके देत बंद पडली.

"शेतावरची टाकी कधी भरली होतीस?" आर्डिसने विचारलं.

सेल्मरने पुन्हा एकदा किल्ली फिरवून पाहिली. "कापणीच्या आधी."

"म्हणजे ऑगस्टात."

"महिना कुठे विचारलास?"

मागे पातळ पांढऱ्या झग्यात नवरी सॉल्वेग कुडकुडत होती. पाद्रीबाबांना बारा वाजता दुसऱ्या गावी अंत्यविधी होता. अकराला लग्न लागलं नाही, तर ते गेलंच पुढच्या आठवड्यावर. 

तेवढ्यात आदल्या रात्री शेजाऱ्यांकडे मुक्कामाला गेलेला रॉइस आपल्या पिकअपमधून मागून आला आणि थांबला. लग्नाआधी नवऱ्याने नवरीला बघायचं नसतं, म्हणून आर्डिसने गोधडीचा अंतरपाट धरून मुलीला त्याच्या गाडीत मागे बसवलं.

"तू काय भरलंस?" सेल्मरने खालच्या आवाजात विचारलं.

"तुम्ही सांगितलंत तेच, सर. पंपावरच्या बाईंना दोनदा विचारून घेतलं."

सेल्मर पुढे बसला. सोळा मैल तो एक अक्षर बोलला नाही. आर्डिसच्या आठवणीत असं प्रथमच घडत होतं.

अकराला पाच कमी असताना सगळे पोचले. वेदीसमोर पाद्रीबाबांनी रीतीप्रमाणे नवरीच्या बापाला विचारलं, "या मुलीला लग्नासाठी कोण घेऊन आलं आहे?"

सेल्मर तीन दिवस आरशासमोर "मी" म्हणायचा सराव करत होता. त्याने एकदा रॉइसकडे पाहिलं.

"हा," तो म्हणाला. "मलाही यानेच आणलं."