सैतानाला कारणे दाखवा

आमच्या पाणीपुरवठा कार्यालयाने बांधलेली नवी टाकी पडली. टाकीत तसा काही दोष नव्हता. पाणी भरेपर्यंत ती छान उभी होती. त्यामुळे पहिला संशय पाण्यावर आला. पण पाणी आमच्याच खात्याचं, तेव्हा तो मुद्दा वगळून रीतसर चौकशी सुरू झाली.

चौकशीत अभियंते म्हणाले, "काम न बघताच सही केली खरी. काय करणार, डोक्यात सैतान शिरला." कंत्राटदार म्हणाले, "सिमेंट कमी घातलं, पण मी तसा माणूस नाही हो. सैतान शिरला." हे कंत्राटदार आमच्या साहेबांचे साडू. त्यांचं काम साहेबांनी ज्या घाईने मंजूर केलं, त्या घाईलाही दुसरं कारण सापडेना. तिघांचे जबाब असे तंतोतंत जुळले की हेडक्लार्क म्हणून मला भरून आलं. सैतानावर ठपका ठेवून प्रकरण मिटलं. आमच्याकडे सगळीच प्रकरणं अशी मिटतात. कुणाला त्रास नाही, कुणाची बढती अडत नाही.

या वेळी माशी शिंकली ती नव्या कारकूनबाईंमुळे. बाई नियमांचं पुस्तक वाचून नोकरीला आलेल्या. ज्याच्यावर ठपका, त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी, असं त्या पुस्तकात आहे म्हणे. आम्ही कुणी ते पान उघडलं नव्हतं. बाईंनी सरळ सैतानाला कारणे दाखवा नोटीस धाडली आणि पत्त्याच्या जागी लिहिलं, 'सर्वत्र'. आमची पत्रं एरवी शेजारच्या गल्लीत पोचत नाहीत. हे नेमकं पोचलं.

सैतान कार्यालय उघडायच्या वेळेला आला, म्हणजे आमच्या बराच आधी. आम्ही पोचलो तेव्हा बाकावर बसला होता. इस्त्रीचा सदरा, घासूनपुसून नीट केलेली शिंगं, आणि कुणाचा पाय पडू नये म्हणून शेपूट गुंडाळून मांडीवर घेतलेलं. आल्यागेल्याला उठून नमस्कार करत होता. अशा वागण्यामुळे पहिल्यांदा सगळ्यांना तो पुरवठादार वाटला.

साहेबांनी त्याला खुर्ची दिली. "मनाला लावून घेऊ नका. नोटीस चुकून गेलीय. तुम्ही यायची काही गरज नव्हती."

"तुम्हाला नसेल साहेब, मला आहे," सैतान म्हणाला. "बायको माहेरी जाऊन बसलीय."

"अरेरे. कशावरून?"

"या टाकीवरून. इतकी वर्षं तिने सगळं सोसलं. धर्मग्रंथांत मला शिव्या पडल्या, तर म्हणायची, असू दे, स्वर्गात बंड केलंतच ना तुम्ही. कवींनी मला खलनायक केलं, पण भाषणं अशी दिली की नायकाने हेवा करावा. तिला त्याचं कौतुकच होतं. पण सिमेंटाची चोरी? मला म्हणाली, 'अहो, मी सैतानाशी लग्न केलं होतं, भुरट्या चोराशी नाही.' आणि बॅग भरून निघाली."

खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटलं. मी त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. त्याने आधी पेल्यात निरखून बघितलं, मग न पिता ठेवून दिला.

"दंतकथा काढून बघा साहेब," तो पुढे म्हणाला. "नदीवर पूल बांधून दे म्हटलं की मी बांधून द्यायचो. मोबदल्यात आत्मा घ्यायचो, नाही म्हणत नाही. पण माझा एक पडलेला पूल दाखवा."

अभियंते खिडकीबाहेर बघू लागले.

"आणि यांच्या कुणाच्या डोक्यात मी शिरलेलो नाही. साडूंकडे गेलो होतो, मोहात पाडावं म्हणून. ते म्हणाले, उशीर केलात, आमचं ठरलंय आधीच. मी आल्या पावली परत फिरलो. तेव्हा निर्दोष आहे एवढं लिहून द्या. ते दाखवलं की ती घरी येईल."

साहेबांनी घाम पुसला. त्यांची अडचण खरी होती. सैतान सुटला तर टाकी कुणाच्या गळ्यात घालायची? शिवाय एकट्या टाकीवर कुठलं थांबतंय? खचलेला रस्ता, गायब झालेले पाइप, साहेबांच्या भाच्याची नेमणूक, सगळंच त्याच्या नावावर होतं. तो सुटला असता तर आमच्यात तुरुंगाबाहेर कुणी उरलं नसतं.

"तुम्ही असं करा, आमच्याकडे कायम व्हा," साहेब म्हणाले. "दोषाधिकारी म्हणून. टेबल, खुर्ची, पंखा. काम काहीच नाही, फक्त नाव वापरू द्यायचं."

"आणि बायकोला काय सांगू? सरकारमान्य भुरटा झालो म्हणून?"

तेव्हा साहेबांनी कार्यालयाचं खरं शस्त्र काढलं. नकार द्यायचा नाही, अट घालायची. "ठीक आहे, देतो लिहून. फक्त एक साक्षीदार आणा. मी वाईट वागलो, ते माझ्याच अकलेने वागलो, यात सैतानाचा काही संबंध नाही, असं सही करून देणारा. एक माणूस पुरे."

"एकच?" सैतानाचा चेहरा उजळला. "एवढी माणसं पडलीत जगात, एक न मिळायला काय झालं?"

त्याने लगेच माझ्याकडे आशेने पाहिलं. मी रबरी शिक्का शोधायला खाली वाकलो आणि तो जाईपर्यंत शोधत राहिलो.

पुढचं कानावर आलं ते असं. तो धर्मगुरूंकडे गेला. ते म्हणाले, "तू सुटलास तर आम्ही रोज बोलायचं कशावर?" कादंबरीकाराकडे गेला. तो म्हणाला, "सगळं माणसानेच केलं असं लिहिलं तर वाचक पुस्तक मिटून टाकतील." कारकूनबाई एकट्या सही द्यायला तयार होत्या, पण त्यांनी काही वाईट केलेलंच नव्हतं. साक्ष अपात्र ठरली. बाईंची बदली झाली.

सैतानाने अजून हिंमत सोडलेली नाही. आता तो घरोघर फिरतो. संध्याकाळी बायकोला फोन करतो आणि सांगतो, एक सापडला की येतोच न्यायला. ती काही बोलत नाही, पण फोन ठेवतही नाही.

तुमच्याकडेही येईल. घाबरू नका, अगदी सभ्य आहे. बेल एकदाच वाजवतो, खूर पायपुसण्याला पुसतो, आणि सहीपलीकडे काही मागत नाही. तुम्ही घरी नाही असं सांगायला मुलांपैकी कुणाला दारात पाठवायचं, तेवढं ठरवून ठेवा.